ढगाखालची खाचरं

"गेल्या चाळीस वर्षांत तुमच्या जमिनीवर पीकच दिसत नाही, मावशी," तहसील कचेरीतला कारकून हेमंत पडद्याकडे बघत म्हणाला. जमीन कसणाऱ्याकडे ठेवायची की सरकारजमा करायची, हे आता उपग्रहाची चित्रं पाहून यंत्रच ठरवत होतं. मंजुळा गावितांच्या भातखाचरांना त्यानं पडीक ठरवलं होतं.

"फोटो कधीचे?"

"दर वर्षीचे. जानेवारी ते मे."

"मे महिन्यात भात लावतात होय रे? श्रावणातले दाखव."

हेमंतनं श्रावण उघडला. सगळा पडदा पांढरा झाला. मागचं वर्ष, त्याच्या मागचं, चाळीसही वर्षं पांढरीच निघाली.

"ढग आहेत," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून यंत्र पावसाळा सोडूनच देतं."

"त्या ढगांखाली आम्ही गुडघाभर चिखलात होतो. यंत्राला दिसलं नाही, तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. 'पीक नव्हतं' कसं लिहिलं?"

"इथे दोनच रकाने आहेत, मावशी. होतं किंवा नव्हतं."

मंजुळाबाईंनी साहेबाच्या दारासमोर खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मग तिसरा कर. तोवर मी इथेच आहे, तुझ्या साहेबाला दिसेल अशी."