मोठी अक्षरं: बंद

"बाबा, येतंय का ऐकू?" मृण्मयीनं विचारलं.

सासऱ्यांनी, ढुंढिराज गुरुजींनी, कानातला इअरफोन दाबून पाहिला. "छे गं. मुकंच झालंय."

झालं! उद्या सकाळी येवल्याचे यजमान येणार. गुरुजी मांडीवर यजमानांच्या पूर्वजांच्या नामावळीची वही उघडणार, आणि पणजोबांचं नाव सांगणार कोण? सात पिढ्यांच्या वह्या मयुरेशनं, तिच्या नवऱ्यानं, लॅपटॉपमध्ये घातल्या होत्या. बाबांच्या डोळ्यांना ताण नको म्हणून नावं त्यांच्या कानात वाचली जायची. पुढ्यात वही मात्र हवीच. यजमानांना वहीच लागते. नावं चुकली की यजमान दुसऱ्या गुरुजींकडे जातात, आणि त्र्यंबकात अशी बातमी पसरायला दुपारसुद्धा लागत नाही.

मयुरेशला जाऊन चार महिने झाले होते. मृण्मयी एकदाही रडली नव्हती. गंगापूर रोडच्या ऑफिसात जायची, यायची, जेवायची. बायका म्हणायच्या, धीराची आहे हो. कसला धीर! आत काही हलतच नव्हतं. लॅपटॉपवर अपडेट आलं, तेही तिनं असंच न वाचता दाबून टाकलं. नावं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं पॅकेज मयुरेशनं स्वतः बिल्ड केलं होतं, हवं ते चालू ठेवून, नको ते बंद करून. त्याच्या जागी सगळ्यांसाठीचं तयार पॅकेज येऊन बसलं. त्याला मराठी येतच नव्हतं.

आता मयुरेशनं कोणते पर्याय ठेवले होते, ते कळल्याशिवाय पुन्हा बिल्ड करणार कसं? लॅपटॉपवरच्या लिनक्स सिस्टीमकडे तिनं जुन्या पॅकेजची माहिती मागितली. नाव आलं, आकार आला, तारीख आली. पर्यायांचा पत्ता नाही. तासभर धुंडाळल्यावर मयुरेशच्या एका फोल्डरात बिल्डची फाइल सापडली. प्रत्येक पर्यायापुढे त्यानं टीप लिहिली होती.

मराठी आवाज: चालू.

वेग: सावकाश. बाबांना मागोमाग म्हणता आलं पाहिजे.

मोठी अक्षरं: बंद. बाबांना आता काहीच दिसत नाही. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. वाटू दे.

मृण्मयीनं मान वर केली. गुरुजी वही उघडून बसले होते. बोट ओळीवरून सरकत होतं, नेहमीसारखंच. इतकी वर्षं एका घरात राहून तिला कळलं नव्हतं.

तिनं एकही पर्याय न बदलता पॅकेज पुन्हा बिल्ड केलं. अर्ध्या तासानं गुरुजींचा चेहरा उजळला.

"आलं, आलं! आणि हे बघ, पडद्यावरची अक्षरं जरा मोठी कर. बारीक दिसतात."

"केली, बाबा," ती म्हणाली. तिनं कशालाही हात लावला नव्हता.

गुरुजींनी पडद्याकडे तोंड केलं. "हां. आता कसं स्वच्छ दिसतंय!"

चार महिन्यांत पहिल्यांदाच मृण्मयी रडली. त्यांच्या अगदी समोर बसून, आवाज न करता.