आत्याचा मान

मंगळावरच्या नव्या वस्तीचं दार हेमांगीसमोर आपोआप उघडलं. इथं आजवर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तरी आत दिवे लागलेले, हवा खेळती आणि तिला आवडतं तसं कढत पाणीसुद्धा तयार! पृथ्वीवर बसून शर्वरीवहिनीनं लिहिलेल्या एका संगणकी स्क्रिप्टनं सगळी यंत्रं स्वतःच सज्ज केली होती. यंत्रं काय काय विचारतील, त्याची उत्तरं वहिनीनं आधीच भरून ठेवली होती.

"कमाल आहे बाई हिची!" हेमांगी पुटपुटली.

पडद्यावर मात्र एक प्रश्न अडून बसला होता: वस्तीचं नाव?

"नेमकं हेच कसं विसरलीस गं, वहिनी?" तिनं निरोप धाडला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "विसरेन कशी, वन्सं? लेकरू माझं असलं, तरी नाव आत्यानंच ठेवायचं. सांगा त्याच्या कानात!"