देवघराजवळचा दगड

सुज्ञ वाचकहो, एका कुवेती पाषाणाची ओळख कशी पटली, ती हकीकत आता शंभर शब्दांत निवेदन करतो.

देवघराजवळ वाटोळा दगड दिसताच प्रेमाबाईंनी देव समजून त्यावर भक्तिभावाने कुंकू वाहिले. वास्तविक तो नातीने, रसिकाने, वाळवंटातील पुरातन सागरी खडकातून आणला होता. जीवाश्म की निव्वळ गोटा, हे भूशास्त्रज्ञ पुत्र देवदत्तासही उमगत नव्हते. शाळेतील प्रदर्शन तर आजच होते. “आजी, यू रुइन्ड इट!” रसिका रडू लागली. “अगं आई, दिसेल त्या धोंड्याला देव करतेस?” देवदत्त कडाडला. परक्या देशात आपण लेकाला अडगळच, असे वाटून प्रेमाबाई ओल्या पदराने दगड पुसू लागल्या. परंतु छिद्रांत शिरलेले कुंकू निघेना. दगडावर पंचदली रक्तपुष्प उमटले. “थांब, पुसू नकोस!” देवदत्त उद्गारला. “ह्या पाच पाकळ्या... हा सी-अर्चिन! समुद्रातला काटेरी जीव!” एरवी इंग्रजीतच बोलणाऱ्या रसिकाने दुसरा गोटा सरकवला. “आजी, याला पण कुंकू लाव ना.”

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल ऋणी आहे. आपला, हरिश्चंद्र पाटणकर, रुमैथिया.