कुंपणापलीकडून

“वी वन, नाओमी!” रश्मी फोनवर म्हणाली. “पेपरवाले नमले. फोटो वेबसाइटवरून आजच काढतील. ओरिजिनल फाइलसुद्धा डिलीट करतील, पुन्हा कधीच छापणार नाहीत. फक्त तुझा होकार हवाय.”

“आणि ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या डोळ्यांतून कोण डिलीट करणार?”

रश्मी नाओमीची वकील, शिवाय शाळेपासूनची मैत्रीण.

टीव्हीमुळे नाओमीचा चेहरा देशभर ओळखीचा झाला होता. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घराबाहेर, दुकानाच्या दारात कॅमेरे असायचेच. तेवढं तिनं गिळलं होतं. पण हा फोटो हॉस्पिसच्या बागेतला होता, पपांच्या शेवटच्या दिवसांतला. व्हीलचेअरवर पपा, नाकात नळी, आणि त्यांना घास भरवणारी ती. फोटोग्राफर कुंपणापलीकडच्या पायवाटेवर उभा होता. पोलीस म्हणाले, पायवाट सार्वजनिक आहे. संपादक म्हणाला, लोकांना तुमच्याबद्दल माया वाटते. रश्मी म्हणाली होती, छापायच्या आधी कळलं असतं तर कोर्टाकडून थांबवता आलं असतं. छापायच्या आधी कळणार कसं, हे मात्र कुठल्याच कायद्यात नव्हतं. पपा गेले, तेव्हा बातमीबरोबर पेपरानं तोच फोटो पुन्हा छापला.

“सांग त्यांना, एक कॉपीसुद्धा शिल्लक—”

एलिझाबेथनं लेकीच्या हातावर हात ठेवला. “थांब. सगळं पुसायला लावू नकोस.”

“मम्मी, आर यू सीरियस? पपांची ती अवस्था अख्ख्या जगानं पाहिली!”

“तुला अवस्था दिसते. मला यांचं हसू दिसतं. तू हलवा भरवलास आणि यांनी तुझं बोट चावलं. मी शेजारीच होते की.”

“तो माणूस झुडपाआड लपून उभा होता!”

“माहीत आहे. पण तू आम्हाला कुणाला काढू दिलास का एक तरी फोटो? तुझ्या भावानं, ओरेननं मोबाइल वर केला तर हिसकावून घेतलास. आजारपणात हसले ते तेवढेच, आणि आपल्याकडे काय आहे त्याचं? पेपरातलं कात्रण. त्यात यांचे डोळेही नीट दिसत नाहीत.”

नाओमीनं हातातल्या फोनकडे पाहिलं. ज्याला कोर्टात खेचायला निघाली होती, त्याच्यापुढेच आता हात पसरायचा?

“हॅलो? आहेस ना?” रश्मी विचारत होती.

“रश्मी...” नाओमी म्हणाली. “डिलीट करण्याआधी त्यांच्याकडून एक मोठी प्रिंट मागून घे. चांगली.”

“त्यांच्याकडून? अगं, कारण काय सांगू?”

समोर मम्मीनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं होतं, आणि रिकाम्या जागेवर दोन्ही तळवे टेकवून ती रुंदी बघत होती.