तात्यांची शिडी

हरभऱ्याच्या झाडावर चढायला तात्यांना कधी शिडी लागली नाही. त्यामुळेच त्यांची खरी शिडी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असायची. त्या सकाळीही समोरचे शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, काय बाग फुलवलीय तुम्ही. अख्ख्या गल्लीत अशी बाग नाही."

तात्यांची छाती फुगते न फुगते तोच आतून त्यांच्या बायकोचा, माईंचा आवाज आला, "शिडी जिन्याखाली आहे. या वेळी आपणहून परत आणा म्हणजे झालं."

शेजारी ओशाळले, पण शिडी घेऊनच गेले.

"तुला गं कसं कळतं?" तात्यांनी विचारलं.

"त्यात काय कळायचंय? जेवढी वस्तू तेवढं कौतुक. दोन गोड शब्दांना पक्कड, बागेला शिडी. आणि कुणी देवमाणूस म्हणालं, की गाडीची किल्ली लपवायची."

तात्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. पुढच्याच आठवड्यात माई चार दिवस बहिणीकडे राहून आल्या, तेव्हा तात्या दारातच उभे होते. त्यांनी हातातली बॅग घेतली, आयता चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "तू नसलीस की घर कसं खायला उठतं बघ. आणि एवढ्या प्रवासातून आलीस, तरी चेहरा अगदी लग्नातल्या फोटोसारखा."

माईंनी कप खाली ठेवला.

"माझं शिलाई मशीन कुणाला दिलंत?"