हिला

“वन्सं, ह्यांनी लिहिलेलं एक अक्षरही जाता कामा नये हं,” प्रमिलाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“वहिनी, माझाही तो दादाच होता. आता जरा गप्प बसा,” म्हणत कुमुदने घरखर्चाच्या जुन्या प्रोग्राममधली बिघडलेली फाईल नव्या लॅपटॉपवर घेतली आणि दुरुस्तीचं बटण दाबलं.

नवऱ्याच्या नोंदी एकेक करत परतल्या. हिला गजरा. हिला चपला. बायकोचं नाव घ्यायला तो माणूस हिशेबातसुद्धा लाजायचा. प्रमिलाबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले.

मग ते गेल्यानंतरची तीन वर्षं आली. या नोंदी प्रमिलाबाईंनी स्वतः टाइप केल्या होत्या. मला चष्मा, मला गोळ्या. पडद्यावर मात्र दिसत होतं, हिला चष्मा, हिला गोळ्या.

“दुरुस्तीतच काहीतरी गडबड झालीय,” कुमुद म्हणाली. “ही शेवटची नोंद बघा. तारीख उद्याची आहे.”

हिला आणायला रिक्षा. चाळीस रुपये.

“उडवतेच ही.”

प्रमिलाबाईंनी तिचा हात धरला. “राहू द्या वन्सं. रकमेत चुकतील, पण तारखेत हे कधी चुकले नाहीत.”