तक्रार नाही

कारखान्यातल्या वायरमनला जबर शॉक बसला. बोटावर टिकलीएवढा डाग तेवढा उमटला; पण तेव्हापासून तो गॅस बंद करायला विसरायचा, एकदा तर लेकीला शाळेतून आणायलाच विसरला. तरीही कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला कामासाठी फिट ठरवलं, तेव्हा बायको त्याला घेऊन तावातावाने दवाखान्यात शिरली.

"विजेनं यांच्या डोक्याची पार वाट लावलीय, आणि तुम्ही यांना पुन्हा तारांत हात घालायला पाठवताय?"

"आवाज चढवू नका, बाई. मी स्वतः विचारलंय. काहीच तक्रार नाही म्हणाले. ही बघा त्यांची सही."

ती संतापून नवऱ्याकडे वळली. "अहो, शॉक बसल्यापासून काय काय होतंय, ते सांगितलं नाहीत डॉक्टरांना?"


त्याने गोंधळून विचारलं, "शॉक? कुणाला बसला?"